आधी नळाचे पाणी तपासा

मा. संपादक,

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांतून रसायनशास्त्र शिकवण्याकडे वळणाऱ्यांना कागदोपत्री वाट ठाऊक असते. एम.एस्सी.ला दोन वर्षांच्या बी.एड.ची जोड, मग शिक्षक अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीचे सरकारी पवित्र पोर्टल. अडते ते प्रयोगशाळेच्या नळापाशी. कंपनीत शुद्ध पाणी मागावे लागत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा बोअरचे असते, नाहीतर टँकरचे.

बारावीचे परमँगनेटचे अनुमापन घ्या, म्हणजे ब्युरेटमधून परमँगनेट थेंबथेंब सोडून किती लागले ते मोजणे. 250 मि.ली.त 3.15 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड म्हणजे 0.1 मोलार. त्यातले 10 मि.ली. घेऊन, त्यात पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालून 60-70 अंशांवर तापवले, की 0.02 मोलार परमँगनेट 20 मि.ली. लागायला हवे. द्रावण बोअरच्या जड पाण्यात केले तर ते दुधाळ होते. पाण्यातले कॅल्शियम ऑक्झॅलेट होऊन तळाशी बसते. कॅल्शियमचा जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला 500 मि.ग्रॅ. असेल आणि मुलांनी वरचे नितळ द्रावण पिपेटने घेतले, तर रीडिंग 19 येते. यात मुलांची चूक काहीच नसते.

दिलेला क्षार कोणता ते ओळखायच्या क्षार-परीक्षणात तर याहून गोंधळ. सिल्व्हर नायट्रेट टाकले की पाण्यातल्याच क्लोराइडमुळे साका येतो आणि सगळ्या वर्गाचे सगळे क्षार क्लोराइड ठरतात! म्हणून रोज सकाळी परीक्षानळीत 5 मि.ली. पाणी, चार थेंब पातळ नायट्रिक ॲसिड, मग दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. गढूळ झाले तर ते पाणी फक्त धुण्यासाठी. ॲसिड आधीच घालावे, नाहीतर कार्बोनेटचाही साका दिसतो. आरओचे पाणी या चाचणीत हमखास उतरेलच असे नाही. बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन मिळतो, पण तोही तपासून घ्यावा. वीस मुलांच्या तुकडीला, शेवटची विसळणी धरून, माणशी 100 मि.ली. दिले तर दोन लिटरांत भागते.

अनुमापनात रंग तपकिरी झाला तर ॲसिड कमी पडले, द्रावण गार झाले किंवा ब्युरेट घाईने सोडली. उकळले तर ऑक्झॅलिक ॲसिडच विघटते, रीडिंग घटते. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक वापरले तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते आणि रीडिंग वाढते. परमँगनेटच्या पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, तेव्हा मुले घाबरतात. थोडे थांबायला सांगावे. ऑक्झॅलिक ॲसिडऐवजी मोहर क्षार (लोहाचा एक क्षार) असेल, तर तो मात्र तापवायचा नाही.

कंपनीतून येणाऱ्याने सोबत एक सवय जरूर आणावी. तिथे आकडा खोडणे हा गुन्हा असतो. इथे जर्नलमधले 19.1 खोडून 20.0 लिहून घेतले जाते. प्रात्यक्षिकाला 30 गुण आहेत. शिक्षकाने त्याच बाटलीतल्या द्रावणाचे आपले रीडिंग सकाळीच घेऊन फळ्यामागे झाकून ठेवावे, आणि गुण त्याच्याशी ताडून द्यावेत.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, जालना