नुसते वजन पुरेसे नाही

महोदय,
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, आढळली. त्याच वेळी अतिवजनाचे प्रमाण आधीच्या १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. जाड मूल म्हणजे खात्यापित्या घरातले, ही समजूत आता सोडायला हवी. आईबाप रोजंदारीवर गेले की मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो. अंडे महाग, शिवाय उकडून द्यायला घरी कोणी नसते. मैदा, साखर आणि पामतेलाने वजन वाढते, उंची नाही. असे खुरटलेले मूल वयानुसार वजनाच्या तक्त्यात 'साधारण' ठरते आणि कुणाच्या नजरेस पडत नाही.

म्हणून अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही नीट मोजली गेली पाहिजे. दोन वर्षांखालील मूल फळीवर आडवे झोपवावे, डोके वरच्या पट्टीला टेकवावे, गुडघे हलके दाबून सरळ करावेत. उभे करून मोजले तर उंची सुमारे ०.७ सेंमी कमी भरते, उंचीच्या मानाने वजन बरे वाटते आणि लुकडे मूल यादीतून निसटते. सहा महिन्यांपुढील मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे.

अंगणवाडीतून मुलासाठी मिळणारे घरपोच आहाराचे पाकीट घरातले सगळेच खातात. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील बालकांना अंडी मिळतात. ती शहरातील झोपडपट्ट्यांतही अंगणवाडीतच, ताटात वाढून द्यावीत.

– एक आहारतज्ज्ञ, नाशिक