शाईच्या डबीचं झाकण

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. मिरजेच्या दवाखान्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या अभ्यासाचं टेबल सांभाळता, एवढ्यावर तुम्हाला कळेल.

आईचा डावा पाय सुजला तो ऐन बेदाण्याच्या हंगामात. शेडवर दिवसदिवस मांडी घालून बेदाणा निवडणारी बाई, त्यामुळे अवघडला असेल असंच सगळे म्हणाले. तालुक्याला ज्यांच्याकडे नेलं त्यांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "वात आहे, तेल लावून चोळा." चार दिवस मी स्वतः चोळला. खोल शिरेत गुठळी होती. चोळताना सुटून फुप्फुसात गेली असती तर? डॉपलर म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीनंतर हे कळलं आणि माझ्याच हातांची मला भीती वाटली. त्या डॉक्टरांना इथूनच नमस्कार. नुसता हात लावला असता तरी एक पोटरी दुसरीपेक्षा गरम आहे हे कळलं असतं.

पुढे पोटातली इंजेक्शनं, मग वॉर्फरिन, रक्त पातळ करायची गोळी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये हवा, आईचा कधी दीड, कधी चार. "पालेभाजी बंद" एवढंच कुणीतरी कागदावर खरडून दिलेलं. त्यात शेजारच्या काकू सांगून गेल्या की ही उंदरं मारायची गोळी आहे. आईने पाकीट ट्रंकेत टाकलं ते टाकलंच.

तुम्ही ते खोटं आहे म्हणाला नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची गोष्ट सांगितलीत. कुजलेलं गवत खाऊन तिथल्या गायी रक्त वाहून मरायच्या. १९३३ साली एक शेतकरी न गोठणारं रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. त्या शोधातून १९४८ ला उंदरांचं औषध निघालं, १९५४ ला माणसांचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं. सगळं ऐकून आई म्हणाली, "कुजकं वैरण जनावराला घालू न्हाई, एवढंबी कळंना व्हय त्यास्नी?" गोळी त्या रात्रीपासून सुरू झाली. मेथीही परत आली, रोज वाटीभर, सारखीच. एक दिवस पेंडीभर आणि चार दिवस काहीच नाही, असं केल्यावर आकडा नाचणारच, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सहा महिन्यांनंतर गोळी थांबवावी की कमी मात्रेत चालू ठेवावी, याचा तुमचा अभ्यास. तुम्ही कागद पुढे केलात आणि आईने सवयीने अंगठा पुढे केला. सोसायटीत, तलाठ्याकडे, बँकेत लोक तिचा अंगठा धरूनच टेकवतात, काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवत नाही. शाईची डबी उघडीच होती. तुम्ही झाकण लावलंत. "मावशी, आज नको. घरी न्या, लेकाकडून वाचून घ्या. नाही म्हणालात तरी गोळी आणि तपासणी आहे तशीच चालू राहील."

त्या झाकणाचा टक् असा आवाज झाला होता. मला तो अजून ऐकू येतो.

रात्री मी कागद वाचला. कुणाला कोणती वाट हे संगणक ठरवणार, डॉक्टर नव्हे, असं त्यात होतं. आई म्हणाली, "म्हंजे चिठ्ठ्या टाकल्यागत झालं की. मला न्हाई जमायचं." दुसऱ्या खेपेला मी ते सांगताना अवघडलो होतो, तुमचं एक माणूस कमी होणार म्हणून. तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि त्याच पेनने आईच्या कार्डावर आयएनआरची पुढची तारीख लिहिलीत. चेहऱ्यावर काही फरक नाही. तेव्हापासून तारीख चुकली की तुमचा फोन येतो. आमच्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही हे माहीत असूनही. अशी माणसं दवाखान्याच्या पाटीवर कुठे लिहिलेली नसतात, ती नशिबाने टेबलामागे सापडतात.

मागे आईने बेदाणा आणला तेव्हा "अभ्यासातल्या माणसांकडून घेता येत नाही" म्हणून परत दिलात. आई तर आता अभ्यासात येणार नाही. अर्धा किलो निवडून ठेवलाय, एकही काडी नाही त्यात. येत्या तारखेला घेऊन येतोय.

तुमच्या मावशींचा मुलगा
तासगाव तालुका, जि. सांगली