पेसमेकर बदलताना जागेचंही विचारा

मा. संपादक,

पेसमेकरची बॅटरी साधारण ८ ते १० वर्षांनी संपत आली, की कातडीखाली बसवलेली अख्खी डबीच बदलतात. डबीपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा धड असतील तर त्याच ठेवतात. माझी डबी कॉलरबोनला इतकी लगटून होती, की सीटबेल्ट, पिशवीचा बंद, सगळं नेमकं तिथंच घासायचं. बदलायच्या वेळी डॉक्टरांना म्हटलं, जरा खाली घ्या. त्यांनी कातडी चिमटीत धरून पाहिली आणि छातीच्या स्नायूखाली नवा खिसा केला. दुखलं बरंच, पण घासणं थांबलं. दुसऱ्या बाजूला नेणं मात्र सोपं नसतं. जुन्या तारा सहसा पुरत नाहीत आणि जास्तीच्या कापाकापीनं जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. हे सगळं मी विचारलं म्हणून कळलं. संमतिपत्रात जागेसाठी एक रकाना घालायला काय हरकत आहे?

– एक पेसमेकरधारक