प्रबंधाचे संदर्भ मार्गी लावून देणाऱ्या आमच्या शेजारच्या पोरीला, म्हणजे बायला, जाहीर आभार

प्रिय बाय,

नाव लिहायचं नाही अशी तू आधीच ताकीद दिलीस म्हणून नुसतं बायच लिहितो, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, तुझ्या आईला तर पहिल्या ओळीतच कळेल. प्रबंध जमा झाला. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, जाऊन प्रती दिल्या, पोचपावती घेतली आणि आता हे लिहायला बसलोय. तोंडावर आभार मानायला गेलं की तू "काय काका, एवढ्याशा कामाचं काय" म्हणून विषय बदलतेस, तेव्हा हे असं चारचौघांत. शिवाय गोव्यात माझ्यासारखे रिटायर झाल्यावर पीएचडीला बसलेले मास्तर काही कमी नाहीत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझा विषय तुला एव्हाना पाठ झालाय. १५५६ ला गोव्यात छापखाना आला, देशातला पहिला, मग १६१६ ला राशोलला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, लिपी रोमन आणि ओव्या मराठी, आणि तिथून पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत. म्हणजे संदर्भ तीन भाषांतले, मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी, काही पुराभिलेखातले, काही पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतले, आणि ते सगळे मी एका भल्यामोठ्या फाइलीत हाताने टाइप करून तळटीपांत टाकलेले. मग गाईड मॅडम म्हणाल्या तळटीपा नकोत, कंसात लेखक आणि साल पाहिजे. त्या संध्याकाळी मी घरात कोणाशी धड बोललो नाही.

तू आलीस ती आईने दिलेला पातोळ्यांचा डबा द्यायला. स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलंस, "काका, आणि उद्या परत तळटीपाच पाहिजेत म्हणाल्या तर?" मला काही उत्तर सुचलं नाही.

मग तू ते मार्कडाउन दाखवलंस. साधी टेक्स्ट फाइल, मथळ्याला हॅश, तिरप्या अक्षराला दोन बाजूंना चांदणी (*), बाकी नुसता मजकूर. खरं सांगतो, मला वाटलं ही पोरगी मला तीस वर्षं मागे नेतेय, ना बटणं ना फॉन्टची पट्टी. तू वाद घातला नाहीस. तीच फाइल पॅनडॉक नावाच्या, फाइलीचा प्रकार बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून एकदा वर्डची केलीस, एकदा पीडीएफ, एकदा वेबपेज, आणि गप्प बसलीस. नंतर मी वाचलं की पॅनडॉक २००६ साली बर्कलीच्या एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने, जॉन मॅकफार्लेनने, सुरू केलं, आणि संदर्भ साठवून ठेवणारं झोटेरोही त्याच साली इतिहासाचं काम करणाऱ्या माणसांनी जॉर्ज मेसन विद्यापीठात काढलं. तेव्हा जरा बरं वाटलं, म्हटलं ही आपल्याच जातकुळीची मंडळी आहेत, यांनीही कधीतरी संदर्भांच्या यादीपुढे डोकं धरलं असणार.

झोटेरोत पुस्तकं भरायचं काम तू माझ्याकडूनच करून घेतलंस. मी म्हटलं तू भर, तुझे हात पटापट चालतात, तर म्हणालीस पुस्तक तुम्ही वाचलंय, मी नाही. सगळ्यात जास्त आभार या एका वाक्याचे. कारण भरताना कळलं की खरी गोम टायपिंगमध्ये नव्हतीच. रिव्हाराचं उदाहरण घे. कोंकणीवरचा त्याचा १८५८ चा निबंध, लेखक जुआकिं एलिओदोरु दा कुन्हा रिव्हारा. कॅटलॉगमधून नाव आपोआप आलं ते आडनाव 'दा कुन्हा रिव्हारा' असं, आणि यादीत साहेब डी मध्ये जाऊन बसले. पोर्तुगीजांत शेवटचं आडनाव धरायचं असतं हे गोव्यात कोणालाही विचार, सांगेल, पण सॉफ्टवेअरला कोण सांगणार. तू आडनावाच्या रकान्यात फक्त रिव्हारा ठेवायला लावलंस आणि बाकीचं सगळं नावाच्या रकान्यात. झालं. मग शीर्षकात प्रत्येक पोर्तुगीज शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल होऊन यायला लागलं, तर ते भाषेचा रकाना रिकामा होता म्हणून, रिकामा दिसला की ते इंग्रजी समजतं. भाषा पोर्तुगीज टाकली आणि शीर्षक जागेवर आलं.

क्रिस्तपुराणाने तर तुझीही परीक्षा घेतली. पुस्तक १६१६ चं, पण माझ्या हातात होती १९०७ ची मंगळूरची सलढाण्यांची आवृत्ती. नुसतं १९०७ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल स्टीफन्स विसाव्या शतकातला, नुसतं १६१६ लिहिलं तर पान क्रमांक कुठला ते कळणार नाही. तू एक्स्ट्रा नावाच्या त्या कोपऱ्यातल्या रकान्यात मूळ तारखेची एक ओळ टाकलीस आणि कंसात १६१६, पुढे १९०७ असं अगदी बरोबर आलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, तू मात्र पातोळी खात होतीस.

त्यानंतर ते बेटर बिबटेक्स, झोटेरोला जोडायची पुरवणी. प्रत्येक पुस्तकाला एक छोटी की, आडनाव आणि साल, ती रोमन अक्षरांतच ठेवा म्हणून तू दोनदा सांगितलंस, आणि 'कीप अपडेटेड'वर टिक, म्हणजे झोटेरोत काही सुधारलं की बिब फाइल, जिच्यातून पॅनडॉक संदर्भ घेतं ती, आपली आपण बदलते. लिहिताना चौकोनी कंस, ॲटचं चिन्ह, त्याला चिकटून की, स्वल्पविराम आणि आकडा. नुसता आकडा लिहिला तरी ते पान समजतं. आता हात इतका बसलाय की वाणसामानाच्या यादीतही ॲट टाकतो.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, नाहीतर जुने व्हिडिओ बघून गोंधळतील. पॅनडॉकच्या २.११ पासून साइटप्रॉक, म्हणजे संदर्भ मांडून देणारा भाग, आतच आहे, वेगळं इन्स्टॉल करायची भानगड नाही. आणि आकृत्यांचे क्रमांक देणारा क्रॉसरेफ फिल्टर लावलात तर तो साइटप्रॉकच्या आधी, नाहीतर ते आकृतीलाच पुस्तक समजून शोधत बसतं.

पीडीएफचं प्रकरण वेगळं. पहिल्यांदा काढली तेव्हा पीडीएफ बनवणाऱ्या नेहमीच्या इंजिनने देवनागरी दिसताच हातच वर केले. झीलाटेक हे दुसरं इंजिन घातलं तर पीडीएफ निघाली पण पान जवळजवळ कोरं, त्यात फक्त स्वल्पविराम, इंग्रजी आकडे आणि मधेच कुठेतरी रिव्हारा. फॉन्टमध्ये आपली अक्षरंच नव्हती. तू आयआयटी मुंबईचा शोभिका टाकलास, फुकटचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला, तर अक्षरं आली पण पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी. 'विद्यार्थी' तर वाचवत नव्हता. मला वाटलं संपलं, आता देवनागरी म्हणजे सोडून द्या म्हणतील, जसं आजवर सगळे म्हणत आलेत. तू फॉन्टच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट देवनागरी अशी एक ओळ घातलीस आणि पान छापील पुस्तकासारखं दिसायला लागलं. एका ओळीचं काम होतं, पण ती ओळ हुडकायला तू रात्री किती जागलीस ते तुझ्या आईकडून कळलं.

आणि ते 'एट अल'. मराठी प्रबंधात मराठी पुस्तकापुढे एट अल आणि पी. म्हणून येत होतं ते मला खुपायचं, पण मी बोललो नव्हतो, म्हटलं आधीच हिने एवढं केलंय. तूच म्हणालीस हे बरं नाही दिसत. स्टाइलची, म्हणजे संदर्भ कसे दिसावेत ते ठरवणारी, सीएसएल फाइल उघडलीस, तीही शेवटी टेक्स्टच, आणि त्यात 'आणि इतर' आणि 'पृ.' लिहून ठेवलंस. मग मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी याद्या वेगवेगळ्या पाहिजेत म्हटल्यावर झोटेरोत तीन कलेक्शन, तीन बिब फाइली आणि एक लुआ फिल्टर, म्हणजे लुआ भाषेतला छोटासा प्रोग्रॅम. तो फिल्टर काय करतो ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण करतो.

मॅडमना वर्डचीच फाइल लागायची, त्यात त्या कडेला शेरे लिहितात. मला धास्ती होती की ते सगळं परत हाताने उतरवावं लागणार. तर पॅनडॉकला ट्रॅक चेंजेस सगळे ठेव म्हणून सांगितलं की शेरे आणि खाडाखोड टेक्स्टमध्ये तशीच येते. विद्यापीठाच्या समासासाठी आणि मथळ्यांसाठी रेफरन्स डॉक, म्हणजे नमुन्याची वर्ड फाइल, एकदाच बनवला. फक्त त्यात मराठीचा फॉन्ट स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खाली वेगळा द्यावा लागतो, साध्या जागी दिला तर काही फरक पडत नाही. हे कुठेही चटकन सापडत नाही म्हणून लिहितोय.

सगळंच गोड आहे असं म्हणणार नाही. मोठे तक्ते मार्कडाउनमध्ये करणं म्हणजे निव्वळ छळ, आणि परिशिष्टं असतील तर संदर्भयादी मुकाट्याने त्यांच्याही मागे जाऊन बसते, तीन कोलन टाकून तिला जागा दाखवून द्यावी लागते. एरर आली की ती इंग्रजीत येते आणि भलत्याच ओळीवर बोट ठेवते. ज्याच्याजवळ बसून कोणी बघणारं नाही त्याने एकट्याने यात उतरावं का, मला शंका आहे.

मॅडमनी शेवटच्या महिन्यात खरंच विचारलं, एक प्रत तळटीपांची मिळेल का म्हणून. स्टाइलची फाइल बदलली, परत एक्सपोर्ट मारला, चहा निवायच्या आत प्रत तयार. तुला फोन लावला तर तू मीटिंगमध्ये होतीस.

तर बाय, मनापासून आभार. पैशाचं बोलायचं नाही असं तू ठरवूनच टाकलंयस, पण चवथीला जेवायला यायचं आणि आईलाही घेऊन यायचं, त्यात सबब चालणार नाही. आणि येताना लॅपटॉप घेऊन ये, कारण माझा एक मित्र, डिचोलीचा, तोही मास्तरच, पाचशे तळटीपांची फाइल घेऊन बसलाय आणि मी त्याला तुझं नाव सांगितलंय. सुरुवात मीच करून देईन, लुआचं तेवढं तू बघ.

तुझा,
शेजारचा काका
फोंडा