अवजार आधी ओळखा, मग घासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील चित्रकोड्यात गेल्या आठवड्यात एका जुन्या लोखंडी अवजाराचे छायाचित्र होते. त्याचे उत्तर ‘सुताराची रुंद पटाशी’ असे छापले आहे आणि ‘गंज काढून धार लावली की आजही कामाला येईल’ असा सल्लाही जोडला आहे. उत्तर चुकले आहेच, पण सल्ला त्याहून नुकसानीचा आहे.

छायाचित्रातल्या वस्तूला मूठ नाही आणि मूठ बसवायची सोयही नाही. माथा लोखंडाचाच, रुंद आणि गोलसर. पाते खाली पसरत गेलेले. मुख्य म्हणजे त्याची कड बोथट, दोनेक मिलिमीटर जाड आहे आणि तिच्या लांबीभर एक उथळ खाच दिसते. पटाशीच्या कडेला खाच असण्याचे काही कारणच नाही. हे लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या सांध्यात कापूस किंवा डांबरात मुरवलेले तागाचे तंतू ठासण्याचे अवजार आहे. कड मुद्दाम बोथट ठेवतात, कारण धारेने तंतू तुटतो आणि तुटलेला तंतू सांध्यात धरून राहत नाही, मग तिथून पाणी शिरते. खाच आहे ती तंतूची वळी ठासताना बाजूला सरकू नये म्हणून. अशा कडेला सहाणेवर धरले की खाच जाते आणि उरतो तो पटाशी म्हणूनही निरुपयोगी असा लोखंडाचा तुकडा.

याच कुळातले दुसरे अवजार नळकाम करणाऱ्यांचे. ओतीव लोखंडी नळांच्या सांध्यात शिसे ठासण्यासाठी ते वापरत. त्याची मान एका बाजूला सरकवून घडवलेली असते, म्हणजे ठोकताना हात नळावर आपटत नाही. कडेच्या बेचक्यात करड्या शिशाचे कण अडकलेले असले तर शंकेला जागा राहत नाही. हे कण तारेच्या ब्रशच्या दोन फटक्यांत निघून जातात, म्हणून तर घासण्याची घाई नको. शिवाय शिशाची धूळ अंगाला चांगली नाही.

अनोळखी हत्यार हातात आले की बहुतेक जण ते कशासारखे दिसते हे पाहतात. त्याऐवजी ते कुठे झिजले आहे हे पाहावे. आधी माथा. लोखंडी हातोडीने ठोकलेल्या माथ्याच्या कडा बाहेर वळून फाटतात. लाकडी मोगरीने ठोकलेला माथा नुसता गुळगुळीत होतो. माथ्यावर कानशीच्या किंवा घडणीच्या मूळ खुणा शाबूत असतील तर त्यावर कधी घाव पडलाच नाही, म्हणजे ते दाबून किंवा ओढून चालवायचे हत्यार आहे. छिन्नीसारखी धार, पण खाली चौकोनी आखूड बुंधा आणि त्यावर ठोकल्याची एकही खूण नाही, असे काही मिळाले तर ते हातात धरायचे नाहीच. तो बुंधा ऐरणीच्या चौकोनी भोकात बसतो, धार वर राहते आणि तापलेली सळई तिच्यावर ठेवून वरून घाव घालतात. (फाटलेल्या माथ्यावर ‘बघू तरी’ म्हणून हातोडी मारू नये. कडेची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.)

मग धार. कुऱ्हाडीसारखे पाते एका बाजूने सपाट आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला असेल, तर ती झाड तोडायची कुऱ्हाड नव्हे, ओंडक्याची बाजू सपाट तासायची आहे. तिचा दांडा सपाट बाजूपासून किंचित बाहेर वाकवलेला असतो, कारण सरळ दांड्याने बोटे लाकडावर खरचटतात. कुणीतरी ‘वाकडा झालेला’ दांडा बदलून सरळ घालतो आणि खूण पुसली जाते. लांब, सरळ, एका टोकाला भोक असलेले आणि त्यात काटकोनात उभा दांडा घातलेले पाते तर हमखास शस्त्र म्हणून खपवले जाते. ते लाकूड रेषेने उभे फाडण्याचे साधन आहे. पात्याची पाठ ठोकून ठोकून चपटलेली असते आणि धार फारशी तीक्ष्ण नसते, कारण ते कापत नाही, पाचरीसारखे लाकूड उकलते.

खाचा आणि भोके असलेल्या पट्ट्यांत सर्वांत जास्त घोटाळा होतो. पट्टीच्या कडेला दोन-तीन अरुंद, कमी-जास्त रुंदीच्या खाचा असतील तर तो पाना नाही. बोल्टचे डोके इतक्या अरुंद खाचेत मावणार कसे? करवतीचा दात खाचेत धरून एकाआड एक डावी-उजवीकडे झुकवण्यासाठी ती पट्टी असते. दात असे झुकवले नाहीत तर चीर पात्याइतकीच रुंद पडते आणि करवत अडकते. खाचांवर क्रमांक असतील आणि प्रत्येक खाच आत गोल भोकात संपत असेल तर ते तारेची जाडी मोजायचे मापक. जाडी खाचेत मोजायची, भोक फक्त तार सुटायला असते. ब्रिटिश प्रमाणात क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते: १ क्रमांकाची ७.६२ मिलिमीटर, ३६ ची ०.१९३. आणि पट्टीत नुसती लहान-लहान होत जाणारी भोके असतील, मागून रुंद, पुढून निमुळती, तर ते तार ओढायचे जंतर. झिजलेली भोके ठोकून पुन्हा आवळत असल्याने त्यांच्याभोवती हातोडीच्या खुणा असतात, आत कधी मेणही सापडते.

मुठीवर बसवलेल्या चाकाचेही तसेच. दात टोकदार असतील तर शिंप्याचे, कापडावर खुणा उमटवायचे. दात बोथट, समान अंतरावर आणि बाजूला ६, ८, १० असा आकडा असेल तर चामड्यावर टाके आखायचे. आकडा एका इंचातले टाके सांगतो. पितळी चाकाच्या कडेला नक्षी असेल तर ते पुस्तक बांधणाऱ्याचे असण्याची शक्यता मोठी. कड साधी, पातळ आणि तिच्यावर एकच खूण असेल, तर ते लाकडी चाकाचा परीघ मोजायचे. ते चाकाच्या बाहेरून फिरवून फेरे मोजतात, मग तेवढेच फेरे लोखंडी पट्टीवर, पण थोडे कमी. कारण धाव, म्हणजे लाकडी चाकावर बसवायची लोखंडी कडी, तापवून चढवायची असते. १.२ मीटर व्यासाच्या चाकाची धाव साधारण पावणेचार मीटर. ती ४०० अंश सेल्सिअसने तापवली तर सुमारे १८ मिलिमीटर लांबते. थंड होताना आवळून चाकाचे सगळे सांधे घट्ट करते.

शिक्क्यांवर फार विसंबू नये. ‘कास्ट स्टील’ या शिक्क्याचा अर्थ ओतीव लोखंड नव्हे. शेफिल्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून पोलाद करण्याची जी रीत आणली, त्या प्रकारच्या पोलादाचा तो शिक्का. ब्रिटिश पेटंटचा क्रमांक वर्षाशिवाय असेल तर जपून: १९१६ पर्यंत क्रमांक दर वर्षी नव्याने १ पासून सुरू होत, त्या वर्षी १,००,००१ पासून सलग मालिका सुरू झाली. ठोकलेली दोन-तीन आद्याक्षरे बहुधा मालकाची असतात, कारखान्याची नव्हे. मुठीचा पुरावा सर्वांत कच्चा, कारण मुठी मोडतात आणि बदलल्या जातात. पात्याच्या पाठीवर कानशीचे अर्धवट दात दिसले तर जुनी कानस पुन्हा घडवून दुसरे काही केले आहे. अशा वस्तूला दोन उत्तरे असतात आणि दोन्ही बरोबर.

यापुढे वाचकांकडून छायाचित्रे मागवताना एवढे कळवावे: न घासलेल्या वस्तूची तीन छायाचित्रे हवीत, एक संपूर्ण, एक धारेचे अगदी जवळून, एक माथ्याचे, प्रत्येकात शेजारी मोजपट्टी. सोबत वजन ग्रॅममध्ये. दात असतील तर एका दातापासून अकराव्यापर्यंतचे अंतर मोजून दहाने भागावे, एकच दात मोजला तर चूक फार येते. पुसट शिक्का वाचायचा असेल तर विजेरी अगदी आडवी धरावी, किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवावी. हे सगळे झाल्यावर सुका मऊ ब्रश आणि यंत्राचे पातळ तेल पुरे. सँडपेपर आणि ग्राइंडर लांबच ठेवावेत.

आपले,
जुन्या हत्यारांची पारख करणारे काही वाचक