आबांच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला राहवणार नाही.

आमच्या आबांनी उभा जन्म कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे रवे उचलले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचं, हा त्यांचा नेम. त्यांच्या हृदयाचा स्नायू कमजोर झालाय हे ज्या मोठ्या डॉक्टरांनी आधी सांगितलं, त्यांनी फाईलमधून मान वर काढली नाही. पेशंट समोर बसलेला आणि बोलणं सगळं माझ्या भावाशी. मध्येच ‘स्नायूतल्या कॅल्शियमचा घोळ’ असं काहीतरी म्हणाले. आबांनी विचारलं, "दूध तर मी रोज पितोय, मग कॅल्शियम कमी कसं पडलं?" ते हसले. शेजारी उभा असलेला मदतनीसही हसला. अख्खी पेठ ज्यांना वचकून असते, ते माझे आबा त्या खुर्चीत अंग चोरून बसले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच डॉक्टरला काही विचारलं नाही. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे तोच प्रश्न मी चाचरत काढला. तुम्ही पेन खाली ठेवलंत, स्टूल ओढून आबांसमोर बसलात आणि त्यांचा हात हातात घेतलात. "आबा, प्रश्न एकदम बरोबर आहे. मूठ आवळा बघू."

दुधाचा दोष नाही, रक्तातलं कॅल्शियम व्यवस्थित आहे, हे तुम्ही आधी सांगितलंत. बिघाड पेशीच्या आत आहे. दर ठोक्याला थोडं कॅल्शियम बाहेरून शिरतं, त्या इशाऱ्यावर आतल्या साठ्यातून पुष्कळ सुटतं, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला धरतं आणि स्नायू आवळतो. मग सर्का नावाचा पंप ते पुन्हा साठ्यात ओढतो, तेव्हा स्नायू सैल होतो. आबांसारख्या हृदयात हा पंप मंदावतो आणि साठ्याची दारंही गळतात. तुम्ही त्यांची मूठ अर्धीच उघडलीत आणि म्हणालात, "आता परत आवळा. बसतोय का जोर?" आबांनी मान हलवली. त्या खडबडीत हाताला सगळं कळलं होतं.

ठोके कमी करणाऱ्या गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता. हृदय आधीच थकलंय, त्याला आणखी सावकाश कशाला करायचं? निरोगी हृदय जलद धावलं की त्याचा जोर वाढतो, आजारी हृदयाचा मात्र तेव्हाच कमी होतो, हे तुम्ही सांगितलंत. सावकाश चाललं की साठा भरायला वेळ मिळतो. तेव्हापासून आबा ती गोळी आठवणीनं मागून घेतात. 1883 सालची रिंगर नावाच्या इंग्रज डॉक्टर साहेबांची गोष्ट तर त्यांनी पेठेत सगळ्यांना ऐकवलीय. बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडायचं आणि शुद्ध पाण्यातल्या द्रावणात थांबायचं, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं!

तो सर्का पंप वाढवणाऱ्या जनुक उपचाराबद्दल मी आशेनं विचारलं. तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. माणसांवर मोठा प्रयोग झाला, 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले, फायदा दिसला नाही, असं सरळ सांगितलंत. वाईट वाटलं, पण तुमच्या बाकीच्या शब्दांवरचा भरवसा त्यामुळेच वाढला. खरं बोलायला आणि समोरच्याकडे बघून बोलायला पैसे पडत नाहीत. तरी ते इतक्या थोड्या लोकांना का जमतं, कोण जाणे.

पुढच्या तपासणीला आबा स्वतःच बोलणार आहेत. तांबड्या रश्श्यातल्या मिठावरून त्यांना तुमच्याशी वाद घालायचाय. अजिबात ऐकू नका त्यांचं.

तुमची ऋणी,
आबांची लेक