रंकाळ्याचं पाणी आणि आठवीची पोरं

दोस्ता,

परवा फोनवर धड बोलणं झालं नाही म्हणून लिहितोय, हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. सध्या आठवीच्या पोरांना घेऊन लॅबमध्ये तळ्यातले सूक्ष्मजीव वाढवतोय. पहिली बरणी वाया गेली, झाकण घट्ट लावलेलं, जिवाणूंनी सगळा ऑक्सिजन संपवला आणि चौथ्या दिवशी उघडली तर नुसता कुजका वास, पोरं अगदी हिरमुसली रे. मग परत भाताचं पिंजर उकळून गार केलं, दोन दिवस वर फडकं बांधून ठेवलं, पाणी गढूळ होऊन साय धरली म्हणजे जिवाणू वाढले, आणि मग त्यात रंकाळ्याचं दोन चमचे पाणी शेवाळासकट सोडलं. पॅरामेशियम, म्हणजे तो एकाच पेशीचा सूक्ष्मजीव, ते जिवाणूच खातो ना.

आठवडाभरानं थेंब स्लाइडवर घेतला, कापसाचे चार तंतू टाकले नाहीतर तो नजरेत ठरतच नाही, आणि कव्हरस्लिप ठेवली. पोरांनी चपलेसारखी आकृती वहीत दहादा काढलेली पण एकालाही तो ओळखू येईना, कारण खरा पॅरामेशियम स्वतःभोवती गिरकी घेत पोहतो, तंतूला धडकला की मागे सरतो, जरा वळतो, परत पुढे. आकृतीत हे कुठून दिसणार?

मग एक तंतूत अडकला आणि त्याची आकुंचनशील रिक्तिका, म्हणजे पेशीतलं जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी, स्पष्ट दिसायला लागली. बारीक नळ्या चांदणीसारख्या उमटायच्या, मधला फुगा भरायचा आणि गप्पकन मिटायचा, परत भरायचा. पोरं घड्याळ लावून मोजत बसली. मी सांगितलं की बाहेरचं गोडं पाणी सारखं आत शिरतं, ते बाहेर टाकलं नाही तर हा फुटून मरेल. तर एक पोरगी डोळा न काढता म्हणाली, "सर, २०२१ च्या पुरात आम्ही बादलीनं घरातलं पाणी उपसत होतो, तसंच चाललंय की ह्याचं." मला पुढं बोलताच येईना. इतकी वर्षं शिकवतोय पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता पोरांनाच बघायचंय की पाण्यात किंचित मीठ घातलं तर उपसा मंदावतो का. मंदावतो, पण मी मुद्दाम सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांना मोजू दे.

दिवाळीला येशील तेव्हा तुमच्या विहिरीतलं पाणी थोड्या शेवाळासकट बाटलीत घेऊन ये, अर्धीच भर आणि झाकण सैल ठेव.

तुझाच